तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित

नागझिऱ्याला चोरखमाऱ्याच्या गेटनं जाणाऱ्यांना वाघ दिसायची आस असते. माझी सफारी मात्र गेटच्या अलीकडेच संपते. अलीकडे माझ्या ताईचं घर आहे, घराला लागून भाच्याचं ऑनलाइन सेंटर आहे, आणि दोन्हीकडे मिळून जेवढे संगणक आहेत ते सगळे माझ्या येण्याकडे डोळे लावून बसलेले असतात. गोंदियाला एका कचेरीत मी संगणकासमोर बसतो, एवढ्या भांडवलावर नात्यागोत्यात माझी जाणकार म्हणून ख्याती झाली. तिथे बसून मी काय करतो, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

लाखोरीच्या डाळीचे वडे कढईतून ताटात पडायला आणि भाच्यानं दारातून डोकं काढायला एकच गाठ पडते.

"मामाजी, एवढं पाहून घ्या न जी. ब्राउझरमंदी काहीतरी येऊन बसलं."

येऊन बसलं. कुणी आणलेलं नसतं. ब्राउझरला जे जे म्हणून चिकटलं ते आपापल्या पायानं आलं, अशी त्या घरातल्या प्रत्येकाची जबानी असते आणि ती पोलिसांनाही फोडता येणार नाही.

माझी या धंद्यातली उमेदवारी टूलबारच्या काळात झाली. 2010 च्या आगेमागे ज्यांनी इंटरनेट एक्सप्लोरर वापरला, त्यांना त्या पट्ट्या आठवत असतील. एक शोधाची, एक भाषांतराची, एक पिवळ्या हसऱ्या चेहऱ्यांची आणि एक बाकीच्या पट्ट्यांपासून तुमचं रक्षण करणारी. ताईच्या घरच्या डबा मॉनिटरवर त्या वरून उतरत उतरत अर्ध्या पडद्यापर्यंत आल्या होत्या. खाली जी फट उरली होती तीतून भाऊजी पेपर वाचायचे, एका वेळी अडीच ओळी. मी पट्ट्या काढायला बसलो की ते म्हणत, "राहू दे न. वाचता येते बरोबर. घाई कायची हाये?"

फुकटातल्या सिनेमांच्या हावेनं हे रोग येतात, असं शहाणे लोक सांगतात. तेवढंच खरं नाही. सरळमार्गी माणसाचीही सुटका नव्हती. सरकारी ई-निविदा भरायची तर डिजिटल सही हवी, सही चालायला संगणकात जावा हवं, आणि जावा उतरवताना मधल्या एका पानावर एक चौकोन असायचा. त्यात बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली. तुम्ही 'पुढे' दाबलं की ओरॅकलच्या जावाबरोबर आस्क टूलबारही घरात. म्हणजे नालीच्या बांधकामाची निविदा भरायला बसलेल्या कंत्राटदाराला नाली मिळो न मिळो, पट्टी मिळायची. पुढे जावाची सुरक्षा सुधारणा यायची तेव्हा तो चौकोन पुन्हा हजर, पुन्हा खूण केलेला. सुरक्षेसाठीच.

या आस्कचं मूळ नाव आस्क जीव्हज. 1996 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत निघालेलं हे शोधयंत्र. वुडहाउसच्या गोष्टींतला जीव्हज त्याच्या पानावर अदबीनं उभा असायचा. खोलीतून केव्हा नाहीसं व्हावं हे जगात ज्याला सगळ्यात चांगलं कळत होतं, असा तो नोकर. 2006 मध्ये कंपनीनं त्याला निवृत्त केलं, आणि घरात राहिली ती ही पट्टी, जिला जाणं म्हणून ठाऊक नव्हतं.

तिची एक खोड तर मला आजही कौतुकाची वाटते. 2013 च्या जानेवारीत एड बॉट नावाच्या तंत्रपत्रकारानं ती उघडकीला आणली. जावा बसवून झालं की टूलबारचा बसवणारा प्रोग्रॅम गुपचूप दहा मिनिटं थांबायचा. काही जास्तीचं तर शिरलं नाही ना, म्हणून शंकेखोर माणूस लगेच यादी उघडून बघायचा, तर यादी स्वच्छ. तो निर्धास्त होऊन चहाला उठला की मग पट्टी आत यायची. गिऱ्हाइकाच्या चहाची वेळ ज्यानं इतकी नेमकी ओळखली, तो माणूस आपल्याकडे असता तर जिल्हा परिषद निवडणुकीचं तिकीट त्याला आम्ही घरी नेऊन दिलं असतं. 2015 साली मायक्रोसॉफ्टनं या पट्टीच्या जुन्या आवृत्त्या नकोशा सॉफ्टवेअरच्या यादीत टाकल्या.

मायक्रोसॉफ्टनं हे करावं यात गंमत अशी, की 2009 साली त्यांनी स्वतःच दुसऱ्याच्या घरात हेच केलं होतं. डॉट नेट फ्रेमवर्कच्या सुधारणेबरोबर त्यांनी लोकांच्या फायरफॉक्समध्ये न विचारता स्वतःचा एक जोड घातला. ॲड-ऑनच्या यादीत तो दिसायचा, समोर 'काढा' असं बटणही होतं, पण करडं. दाबा, खरवडा, हात जोडा, ते दबत नसे. काढायचं तर विंडोजच्या रजिस्ट्रीत शिरून हातानं नोंद खोडावी लागे. लोकांनी बोंब ठोकल्यावर कंपनीनं बटण जिवंत करणारी सुधारणा काढली. तरी त्याच ऑक्टोबरात मोझिलानं तो जोड सरसकट अडवला. पुढे 2011 च्या नोव्हेंबरात फायरफॉक्सची आठवी आवृत्ती आली, तेव्हापासून बाहेरचा कुठलाही प्रोग्रॅम आत काही घालू लागला की ब्राउझर मालकाला विचारू लागला, हे येऊ देऊ का?

चांगली सोय होती. पण ती करणाऱ्यांना आमच्या झाडीपट्टीतली भीड ठाऊक नव्हती. आमच्याकडे दारात आलेल्याला 'येऊ का?' असं विचारायची वेळच आणत नाहीत, आणि त्यानं विचारलंच तर 'नाही' म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. भाच्यानं त्या प्रश्नाला दरवेळी 'हो' म्हटलं. का, तर "नाई म्हटलं आन् कंपूटर बंद पडला तं?"

ईमेलचं प्रकरण याहून नाजूक. ताईच्या संगणकातल्या एका अँटीव्हायरसनं, त्याचं नाव घेत नाही, तिच्या जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली स्वतःहून एक ओळ जोडायला सुरुवात केली. हा संदेश विषाणूमुक्त आहे, अशा अर्थाची. चुलतसासऱ्यांच्या निधनावर तिनं लिहिलं, 'त्यांच्या आत्म्यास शांती लाभो,' आणि खाली ती ओळ. तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. पण 2020 चा उन्हाळा आला, लग्नाला 50 च माणसांची परवानगी होती, आणि ताईच्या नणंदेच्या मुलाचं लग्न निघालं. पत्रिका छापायची सोय नव्हती म्हणून ताईनं ती मेलनं धाडली. खाली विषाणूमुक्त असल्याची हमी. परवानगीच्या कितीतरी पट माणसं यायला निघाली. कुणी अडवलं तर दाखवायला मेलची प्रत जवळ ठेवून. शेवटी भाऊजींनी एकेकाला फोन करून आहे तिथेच थांबवलं. ही ओळ सेटिंगमधली एक खूण काढली की बंद होते. मी ती काढलीसुद्धा. तर ताईची सासू म्हणाली, "राहू द्यायची होती. लिहिलं असलं म्हंजे बरं असते."

सध्याच्या काळात पट्ट्या गेल्या, पण त्यांची पोरं उरली. निकाल बघायला एखादं पान उघडलं की ते आधी विचारतं, सूचना पाठवायला अनुमती द्याल का? दिली की संपलं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दिवसभर खिडक्या उगवतात. तुमचा संगणक धोक्यात आहे, तुम्ही फोन जिंकलात, अमुक बाई तुमच्यापासून तीन किलोमीटरवर आहेत. भाच्याच्या सेंटरपासून तीन किलोमीटरवर व्याघ्रप्रकल्प आहे. तिकडे कोण असेल ते असेल. एकदा पुण्याच्या पर्यटकांचा बुकिंगचा कागद छापताना ती खिडकी उगवली, आणि त्यातल्या एका काकांनी गंभीरपणे विचारलं, "ही साइटिंगची माहिती आहे का?"

मागच्या मे महिन्यात सेंटरच्या संगणकाचं दुखणं वेगळं निघालं. काहीही शोधा, भलत्याच शोधयंत्रावर नेऊन आदळायचं. सातबारा मागावा तर सात-बारा क्रमांकाची लॉटरी दाखवायचं. एक्स्टेन्शनच्या यादीत गुन्हेगार समोर बसला होता, पण त्याच्यापुढे 'काढा' हे बटणच नव्हतं. करडंसुद्धा नाही. आणि क्रोमचा मेन्यू उघडला तर तळाशी लिहिलेलं, 'तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित'.

भाऊजी माझ्या खांद्यावरून वाचत होते. धान खरेदी करणाऱ्या सेवा सहकारी संस्थेचे ते संचालक. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"संस्थेनं? माझ्या सहीशिवाय?"

"भाऊजी, ती संस्था वेगळी."

"वेगळी कोनती? येथी एकच संस्था हाये. सचिवानं परस्पर केलं असंल. ठराव झाला का याचा?"

खरं म्हणजे ही सोय मोठ्या कंपन्यांसाठी आहे. शेकडो कर्मचाऱ्यांच्या ब्राउझरमध्ये काय असावं, काय नसावं, ते कंपनीचा माणूस एका जागेवरून ठरवतो. अशी धोरणं विंडोजच्या रजिस्ट्रीत पॉलिसीजच्या कप्प्यात लिहिलेली असतात, आणि सक्तीनं बसवलेलं एक्स्टेन्शन कर्मचाऱ्याला काढता येऊ नये म्हणून बटणच नाहीसं होतं. चोरांनी एवढंच केलं की त्याच कप्प्यात आपलं नाव लिहून ठेवलं. ब्राउझर बिचारा समजतो, साहेबांचा हुकूम आहे.

पत्त्याच्या जागी क्रोम, विसर्गाचे दोन ठिपके, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं लिहिलं की ते हुकूम सगळे दिसतात. दिसले. रजिस्ट्रीतून मी ते खोडले, एक्स्टेन्शन गेलं, भाऊजींनी सभा तहकूब केली. संगणक बंद करून चालू केला, तर परत सगळं जिथल्या तिथे.

आमच्या भागात तलावाच्या काठानं बेशरम माजतं. अमेरिकेच्या उष्ण मुलखातून आलेलं ते झुडूप, जांभळट फुलांचं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. वरून कापा, फुटतं. उपटून चिखलात फेका, फेकल्या जागी मुळं धरतं. ज्याला खरंच काढायचं आहे तो बुंध्यासकट खणतो, तुकडा न् तुकडा वेचून कोरड्या पाळीवर वाळवतो आणि जाळतो. हे काम ज्यानं केलं आहे त्याला ब्राउझरबद्दल नवं काही शिकवावं लागत नाही. भाच्याला मी विचारलं, खोड कापलं, मूळ कुठे असेल? तो लगेच म्हणाला, "कोठीतरी एक कांडी राह्यली."

कांडी टास्क शेड्यूलरमध्ये सापडली. विंडोजनं नेमून दिलेल्या वेळी कामं करायची ही यादी, आणि तीत कुणीतरी एका अपडेटच्या नावानं काम लावून ठेवलं होतं. संगणक सुरू झाला की हुकूम पुन्हा लिहायचा. ते काम खोडलं, ज्या फोल्डरमधून ते चालत होतं तो उडवला, मग हुकूम, मग एक्स्टेन्शन. याच क्रमानं. उलटा केला तर जन्म जाईल.

सेंटरचा संगणक सुटला. त्याच उत्साहात मी घरातल्याकडे वळलो. तो भाऊजींच्या वडिलांचा. निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. त्यांच्या ब्राउझरमध्ये नवी खिडकी उघडली की एक रंगीत पान यायचं. डोंगराचं चित्र, सुविचार, चार जाहिराती आणि मोठ्या अक्षरात तापमान. एका एक्स्टेन्शनचं काम. बटण जिवंत होतं, एका टिचकीत गेलं. नवी खिडकी उघडली, हवामान शोधलं, गोंदिया, 45 अंश.

गुरुजी जवळ आले. चष्मा पुसला. "हे कायचं जी?"

"आजचं तापमान, गुरुजी."

"कुठलं?"

"आपलं."

त्यांनी कपाटातून एक वही काढली. रोज दुपारी पडद्यावर बघून ते आकडा टिपायचे. 33, 34, 33, 32. वही तीन उन्हाळ्यांची. त्या वहीप्रमाणे चोरखमाऱ्याचा पारा मे महिन्यात कधी 35 च्या वर गेलेला नव्हता. इंटरनेटचा पत्ता देणाऱ्या कंपनीची नोंद मुंबईची असणार, म्हणून ते पान त्यांना इमानेइतबारे मुंबईचं हवामान सांगत होतं. गुरुजींनी त्याचं कारणही शोधून ठेवलं होतं, जंगल आणि तलाव. गेटकडे निघालेल्या पर्यटकांना ओसरीवर थांबवून ते ही वही दाखवत आणि झाडं लावायला सांगत. डोक्याला रुमाल गुंडाळलेले, घामानं निथळणारे पर्यटक मान डोलवायचे. भीड फक्त आमच्याकडेच असते असं नाही.

गुरुजी खुर्चीत बसले. मग खाटेवर आडवे झाले. म्हणाले, फार गरम होऊन रायलं. ताईनं ओला पंचा आणला, भाऊजी कूलरचं गवत बदलायला माणूस शोधत बाहेर पडले. तीन उन्हाळे याच घरात पंख्यावर काढलेला माणूस एका आकड्यानं कोलमडला. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "बरे होते न ते. तुले कोनं सांगतलं होतं?"

भाचा माझ्याजवळ सरकला.

"मामाजी, ते परत कसं बसवायचं जी?"

"काही करायला लागत नाही," मी म्हटलं आणि वड्यांचं ताट ओढलं. "पहिलं सापडेल ते पान उघड, विचारेल त्याला हो म्हण आणि दहा मिनिटं थांब."