वहिनींची पॉइंट गार्ड

"ऐकलं का? वहिनींची धाकटी युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीममध्ये लागली."

मावशींनी भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवली म्हणजे बातमी निदान अर्ध्या तासाची असते. मी धागा कटिंगच्या साड्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. हात चालू, कान मोकळे. सुरतच्या नवागामात आमच्या ओळीतली घरं एकाच भिंतीला पाठ लावून उभी आहेत. एका घरात फोडणी दिली की तीन घरांत ठसका लागतो, तिथे पोरीची निवड किती वेळ लपून राहणार?

"युनिव्हर्सिटी म्हणजे आपली वीर नर्मद?"

"तीच. आता गावोगाव मॅचला जाणार. हाफ पँट घालून."

"मग लुगडं नेसून उड्या मारायच्या का, मावशी?"

"मला काय त्याचं! मी बघते ना टीव्हीवर. पण नंदुरबारचं स्थळ आलंय तिला, त्यांचं काय?"

एवढ्यात वहिनीच बाहेर आल्या, खांद्यावर ओले कपडे. आपल्या घराचं नाव निघालं की यांना आत बरोबर कळतं. वहिनींचा नवरा लूमवर, पांडेसऱ्याला. एक पाळी दिवसाची, एक रात्रीची. दोघं लग्न झाल्या झाल्या खानदेशातून इकडे आली, ती इथलीच झाली. पोरगी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकली, गुजरातच्या खेल महाकुंभ स्पर्धेत खेळली, तिथून कॉलेजात. वहिनींचा राग खेळावर नाही, बुटांवर आहे. "एका जोडीत महिन्याचा किराणा येतो हो. आणि सहा महिन्यांत तळवा गुळगुळीत. शिवाय उंची किती, पाच फूट दोन इंच! माझ्या पोरीला त्या ताडांमध्ये कशाला उभं करतात?"

मागच्या घरातून सरांचा आवाज आला. सर म्हणजे मराठी शाळेतले निवृत्त पीटी मास्तर. गच्चीवर मिरच्या राखत बसले होते. पण खेळाचा विषय निघाला आणि मिरच्या पक्ष्यांना आंदण गेल्या.

"वहिनी, ती कुठे खेळते ते विचारलंत का? पॉइंट गार्ड आहे ती. बॉल हातात आला की आठ सेकंदांत आपल्या अर्ध्या मैदानातून पलीकडे न्यायचा. चोवीस सेकंदांच्या आत कुणीतरी तो बास्केटकडे टाकायलाच हवा. तेवढ्यात कोण मोकळं आहे, कोण दमलंय, कोणाला आज नेम लागतोय, हे बघून बॉल द्यायचा. पंगतीत कोणाच्या पानात काय कमी आहे ते वाढपी बघतो ना, तसं. उंच माणसं पाट अडवून बसतात. वाढायला चपळ माणूस लागतं."

"म्हणजे स्वतः जेवायचं नाही?" मावशी.

"जेवायचं, पण शेवटी."

मग सर सुटलेच. मग्झी बोग्स नावाचा एक अमेरिकन, उंची 5 फूट 3 इंच. वेक फॉरेस्ट युनिव्हर्सिटीत खेळला, 1987 साली एनबीए या अमेरिकी लीगच्या निवडीत बाराव्या क्रमांकावर वॉशिंग्टनने उचलला. आणि त्याच संघात सुदानचा मनूट बोल, 7 फूट 7 इंच! दोघांचा शेजारी-शेजारी उभं राहून काढलेला फोटो सर आजही मोबाइलवर दाखवतात. बोग्स चौदा हंगाम खेळला. त्यातला बराचसा काळ शार्लटच्या संघातून.

"म्हणजे आमच्यापेक्षा फक्त एक इंच जास्त!" वहिनींनी कपडे दोरीवर टाकायचे थांबवले.

माझ्या मनात मात्र सरांच्या गोष्टींतला दुसराच एक पॉइंट गार्ड भरला, जॉन स्टॉकटन. अमेरिकेतल्याच स्पोकेन गावातला. बापाची दारूची गुत्तेवजा खानावळ, गोंझागा कॉलेजच्या जवळच. पोरगा त्याच कॉलेजात गेला; म्हणजे घर, दुकान, मैदान सगळं एका हाकेच्या अंतरावर. 1984 मध्ये यूटा जॅझने सोळाव्या क्रमांकावर घेतलं तेव्हा हा कोण, म्हणून लोक एकमेकांना विचारत होते. पुढे एकोणीस हंगाम एकाच संघात. ज्यांवर दुसऱ्याने लगेच बास्केट केली असे पास 15,806. एनबीएत इतके पास आजवर कुणाचेच नाहीत. आणि अजिंक्यपद? एकही नाही. 1997 आणि 1998, दोन्ही वर्षं अंतिम फेरीत शिकागोकडून हरला. सर हे सांगताना मान हलवतात, पण मला वाटतं, एवढं वाढून ठेवणाऱ्याला चषकाचं काय. मावशी म्हणाल्या, "बिचाऱ्याची बायको काय म्हणत असेल!" यावर सरांकडेही उत्तर नव्हतं.

"ते सगळं अमेरिकेचं झालं," वहिनी म्हणाल्या. "आपल्याकडे खेळून पोट भरतं का, ते सांगा."

इथे सर जरा हळू झाले. प्रश्न खरा होता.

2010 साली आपल्याकडून आठ पोरंपोरी फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेली, तेरा-चौदा वर्षांची, चार मुलं, चार मुली. शिष्यवृत्तीवर. त्यातला पंजाबचा सतनाम सिंग 2015 मध्ये एनबीएच्या निवडीत बावन्नावा आला, पहिला भारतीय. पेपरांत किती नाचले होते सगळे! पण एनबीएची एकही मॅच त्याला खेळायला मिळाली नाही; दुय्यम लीगमध्ये खेळला, आणि नंतर तो अमेरिकेतल्या कुस्तीच्या शोमध्ये दिसू लागला.

"काय सांगस माय!" मावशींची अहिराणी अशा वेळी उफाळून येते.

"खरंच. पण त्याच आठ जणांतल्या दोन मुलींचं कुणी नाव घेत नाही," सर म्हणाले. बनारसची बरखा सोनकर आणि तिच्याबरोबरची कविता अकुला, दोघी गार्ड. कविता अ‍ॅरिझोनातल्या ग्रँड कॅनियन युनिव्हर्सिटीत खेळली, म्हणजे अमेरिकी कॉलेजांच्या अगदी वरच्या विभागात. बरखा आधी फ्लोरिडातल्या कम्युनिटी कॉलेजात, मग केंटकीतल्या लिंडसे विल्सन कॉलेजात. परत येऊन भारताच्या संघात खेळली. मला विचाराल तर सतनामच्या बावन्न नंबरापेक्षा हा हिशेब भारी आहे. निवडीत नाव आलं तरी उद्याची खात्री नसते. फी न भरता मिळालेली डिग्री कुणी परत घेत नाही. हे मी बोलून दाखवलं तर वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला काय, तुमचा मुलगा हिऱ्याला बसलाय." झोंबलं थोडं. पण खोटं नव्हतं.

"मग इथली गोष्ट सांगतो, महाराष्ट्राची," सरांनी तडजोड केली. पुण्याची शिरीन लिमये. भारताच्या मुलींनी 2017 मध्ये बेंगळुरूला आशिया कपच्या ब विभागाच्या अंतिम फेरीत कझाकस्तानला 75-73 असं हरवलं, त्या संघात ती होती. पुढे कर्णधार झाली. 2023 मध्ये चीनमधल्या हांगझोच्या आशियाई खेळांत तिच्या हाताखाली संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. आणि ती खेळते कोणाकडून?

"कोणाकडून?"

"रेल्वेकडून."

वहिनींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ऊन पडलं. अमेरिका, निवड, चौदा हंगाम हे सगळं ऐकून जे झालं नाही ते या एका शब्दाने झालं. उधना स्टेशन आमच्यापासून लांब नाही, भुसावळची गाडी आमच्या नात्यागोत्याची गाडी. रेल्वे म्हणजे क्वार्टर, पास, दवाखाना, आणि महिन्याच्या महिन्याला पगार.

सरांनी मग खुलासा केला. आपल्याकडे बास्केटबॉलमध्ये प्रोफेशनल होणं म्हणजे मोठ्या प्रमाणात हेच: खेळाच्या कोट्यातून रेल्वे, पोलीस, ओएनजीसीसारख्या कंपन्या. लीगा निघतात, 2015 मध्ये एक निघाली होती, त्यात पुणे पेशवे नावाचा संघसुद्धा होता, 2022 मध्ये आणखी एक, त्यात मुंबई टायटन्स. पण लीगचा करार हंगामाचा, नोकरी साठीपर्यंतची. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेच्या मुली बाकीच्या राज्यांना वर्षानुवर्षं जड जातात त्याचं कारणही हेच: चांगल्या मुली नोकरीसाठी तिकडे जातात आणि एकत्र सराव करतात. भरतीला दहावी-बारावी किंवा डिग्री लागते, आणि खेळाची सर्टिफिकेटं. विद्यापीठांच्या अखिल भारतीय स्पर्धेतला क्रमांकही धरला जातो.

"म्हणजे युनिव्हर्सिटी टीम नुसती हौस नाही," वहिनी हळूच म्हणाल्या.

"मी सांगतोय काय मघापासून?"

मुंबईच्या नागपाड्याचे अब्बास मुंतसीर अनवाणी खेळायला शिकले आणि भारताचे कर्णधार झाले, 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळाला, अशी सरांची पुढची गोष्ट सुरू झाली होती. ती मला फार आवडते, कारण नागपाड्यातल्या गल्ल्या आमच्यापेक्षाही अरुंद. पण "अनवाणी" हा शब्द ऐकताच वहिनींना पुन्हा बूट आठवले आणि सरांना गोष्ट आवरती घ्यावी लागली.

"अनवाणी चालतं तर सरांनी आधी सांगायचं ना!"

"तेव्हाची गोष्ट आहे वहिनी. आता सिमेंटवर गुडघे जातात. बूट घ्याच. नी-कॅपही घ्या."

"आणि नंदुरबार?" मावशी मूळ मुद्द्यावर आल्या. मावशी गप्पांत कितीही फिरल्या तरी स्थळ विसरत नाहीत. "मुलगा काय करतो?"

"मेडिकल स्टोअर आहे त्यांचं. घरची माणसं बरी वाटली. म्हणतात, खेळ लग्नापर्यंत ठीक."

"उंची किती मुलाची?"

"पाच चार."

सरांना हसू आवरेना. वहिनींनी चिमटे तोंडात धरून शेवटची चादर झटकली, दोरीवर टाकली, मग चिमटे काढून म्हणाल्या, "त्यांना कळवते, युनिव्हर्सिटीच्या वेस्ट झोनच्या मॅचा आटोपल्या की या. कांदेपोहे तेव्हाच करू. आणि मुलाला सांगा, बूट घालून ये. आमची पोरगी म्हणते, आधी अर्ध्या मैदानावर एक डाव खेळून बघू."