मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेची बैठक कशी भरवावी: नवशिक्यांसाठी

आधी फ्लेक्स छापून घ्यावा. मान्यवरांचे फोटो लावून जागा उरली, तर विषयही लिहावा. मुख्याध्यापक, पालक-शिक्षक संघ, पोलीस ठाण्यातलं कोणीतरी आणि एखादी स्वयंसेवी संस्था यांना आमंत्रण द्यावं. मुलांना स्वागतगीत म्हणवून वर्गात पाठवावं; थांबली तर प्रश्न विचारतात.

दीपप्रज्वलन झालं की जबाबदारी वाटावी. शाळेने म्हणावं, मोबाइल घरी असतो. पालकांनी म्हणावं, गृहपाठ तुम्हीच ग्रुपवर टाकता. पोलिसांनी म्हणावं, तक्रार तर येऊ द्या. ॲपवाल्या कंपनीकडून कोणीच आलेलं नसतं, त्यामुळे दोष तिचाच यावर एकमत होतं.

आता खरा प्रसंग. आठवीतल्या मुलीचा फोटो अश्लील रूपात बदलून कोणीतरी तिला धमकावतंय. कच्चा गडी इथे १०९८ फिरवतो. १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झालेली ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास फोन उचलते, त्यामुळे काम लगेच सुरू होण्याचा धोका असतो. मुरलेला माणूस तोच फोटो 'सावध राहा' लिहून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. लहान मुलांची अश्लील चित्रं पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे आणि त्यात 'सावध राहा'ला सूट नाही. पण ग्रुपवर कायदा कोण वाचतो?

बाबांनी फोन हिसकावून सगळं डिलीट करावं. खात्याचं नाव, लिंक, वेळ, पोलिसांना काही म्हणता काही मिळत नाही, आणि मुलगी पुन्हा घरात अवाक्षर काढत नाही. शाळेने अब्रूसाठी प्रकरण आपसात मिटवावं. मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलंच पाहिजे, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे मात्र इतिवृत्तात येऊ देऊ नये.

काही मंडळी बैठकीशिवायच समन्वय साधतात, त्यांचा आदर्श ठेवू नये. अमेरिकी कंपन्या मुलांच्या अश्लील चित्रांची खबर तिथल्या एनसीएमईसी या हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या संस्थेला देतात. भारताशी संबंधित खबर २०१९ च्या करारानुसार आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोकडे (एनसीआरबी) येते, तिथून राज्यांच्या पोलिसांकडे. ना हार, ना तुरे, ना समोसे. असल्या कारभारात अध्यक्ष कोणाला करणार?