आयत्या वेळचा खड्डा

लॉर्ड माउंटबॅटन यांच्या गावाकडे सध्या फाळणी चालू आहे.

गाव म्हणजे रॉम्सी. साउथहॅम्प्टनच्या जरा वर, टेस्ट नदीकाठचं बाजाराचं गाव. शेवटचे व्हाइसरॉय इथल्या ॲबीत विसावले आहेत आणि त्यांचा ब्रॉडलँड्सचा वाडा गावाला लागूनच आहे. त्यांच्या हॅम्पशायर काउंटीची आता नव्याने वाटणी करायचं घाटतंय. घाबरू नका, वाटणी कौन्सिलांची आहे. काउंटी कौन्सिल एक, तिच्या पोटात बरो आणि डिस्ट्रिक्ट कौन्सिलं अकरा, साउथहॅम्प्टन आणि पोर्ट्समथ ही दोन स्वतंत्र शहरं आणि पाण्यापलीकडचं आइल ऑफ वाइट, अशा इथे पंधरा चुली पेटतात. डिसेंबर 2024 मध्ये सरकारनं श्वेतपत्रिका काढून सांगितलं, एवढ्या चुली नकोत. साधारण पाच लाख वस्तीमागे एक पुरे.

माउंटबॅटनसाहेबांनी 3 जून 1947 ला योजना जाहीर केली आणि 15 ऑगस्टला हात झटकले. सिरिल रॅडक्लिफ 8 जुलैला दिल्लीत उतरले. त्याआधी त्यांनी हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. पाचेक आठवड्यांत पंजाब आणि बंगालवर रेघा मारून ते मोकळे झाले. जाहीर सुनावण्या झाल्या, पण तिथे ते स्वतः काही बसले नाहीत. रेघ नेमकी कोणाच्या दारातून गेली हे लोकांना कळलं 17 ऑगस्टला, म्हणजे झेंडे फडकवून झाल्यावर.

आता टॉटन घ्या. टॉटन हे साउथहॅम्प्टनला खेटून, मध्ये फक्त नदीचं पाणी. पण मोडतं न्यू फॉरेस्ट डिस्ट्रिक्टमध्ये. टॉटन, मार्चवुड, हाइथ ही पाण्याकाठची गावं शहराला जोडावीत असा एक प्रस्ताव निघाला मात्र, आणि न्यू फॉरेस्टात रान पेटलं. आमच्या रस्त्यांवर घोडी मोकळी चरतात, आमचा आणि त्या गोदीवाल्या शहराचा संबंध काय? मग नकाशे निघाले, प्रश्नावल्या निघाल्या, हरकती आल्या, हरकतींवर हरकती आल्या. सप्टेंबर 2025 मध्ये सगळ्यांचे प्रस्ताव लंडनला रवाना झाले. नव्या कौन्सिलांचा मुहूर्त एप्रिल 2028 चा आहे. पंजाबला पाच आठवडे पुरले. टॉटनसाठी तीन वर्षं अपुरी पडू नयेत, एवढीच प्रार्थना. आणि खरंच आहे, लाहोरमधल्या कोणाच्या कचऱ्याच्या डब्याचा रंग थोडाच बदलणार होता!

पुणेकरांना यात नवल वाटणार नाही. 2017 साली अकरा गावं महापालिकेत आली, 2021 साली आणखी तेवीस, आणि मग उरुळी देवाची नि फुरसुंगी ही दोन परत बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. गाव शहरात गेलं की आधी घरपट्टी पोहोचते, पाणी मागाहून येतं, हे तिथे शेंबडं पोरही सांगेल. मीसुद्धा साउथहॅम्प्टनला राहतो, म्हणजे वाघोलीचे लोक फार पूर्वीपासून पुण्यात राहायचे तसा. शहराची हद्द आमच्या घराच्या अलीकडेच संपते. गावाचं नाव सांगत नाही. कौन्सिलच्या सभेला मला अजून जायचंय.

शहरात राहण्याचा एक मोठा फायदा हद्दीबाहेर आल्यावर कळतो. 1997 पासून साउथहॅम्प्टनला सगळा कारभार एकाच कौन्सिलकडे आहे. सिव्हिक सेंटरच्या घड्याळाच्या मनोऱ्याकडे बघून एकदा शिव्या घातल्या की त्या बरोबर पत्त्यावर पडतात. गावात तशी सोय नाही. कचरा उचलणार बरो, उचललेल्या कचऱ्याचं पुढे काय करायचं ते बघणार काउंटी. घराला परवानगी देणार बरो, त्या घरातल्या मुलांना शाळा देणार काउंटी, आणि घर दिसायला कसं आहे यावर मत देणार पॅरिश कौन्सिल. मत द्यायचा अधिकार तिला आहे. ते मानायची सक्ती कोणालाच नाही. रस्ता काउंटीचा, रस्त्याकडेचं बाक पॅरिशचं. बाकावर बसून तुम्ही खड्ड्याकडे बघत असाल, तर नजर हलवताना सरकार बदलतं.

बिल मात्र एकच येतं. कौन्सिल टॅक्सचा तो कागद एकदा निवांत वाचावा. काउंटीचे किती, बरोचे किती, पोलिसांचे, अग्निशमनचे, पॅरिशचे किती, सगळं वेगवेगळं मांडलेलं. आणि घराची किंमत कोणत्या सालची धरलीये? 1 एप्रिल 1991 ची. घर मागच्या वर्षी बांधलेलं असलं तरी ते 1991 साली असतं तर कितीला गेलं असतं, याची कल्पना करून त्याला ए ते एच यातलं एक अक्षर देतात. न बांधलेल्या घराची जुनी किंमत ठरवणारं हे खातं ज्यानं काढलं, त्याला आपल्याकडे रेडी रेकनरच्या कमिटीवर मानानं घेतलं पाहिजे.

माझे मामा सातारा जिल्ह्यात ग्रामसेवक होते. निवृत्तीनंतर इकडे आले तेव्हा हे बिल त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. म्हणाले, "हिशेब चोख आहे. आता पैसं कुठं गेलं ते कळलं, म्हणजे ते कुठं न्हाईत तेबी कळलं."

मामांना मी रॉम्सीला ॲबी दाखवायला नेलं. माउंटबॅटन यांच्या थडग्यापाशी ते फारसे रेंगाळले नाहीत. त्यांना आवडली ती दुसरीच हकीकत: आठव्या हेन्रीनं मठ मोडीत काढल्यावर 1544 साली गावकऱ्यांनी हे अख्खं चर्च राजाकडून 100 पौंडांना विकत घेतलं, आणि तो व्यवहाराचा कागद ॲबीनं आजवर जपून ठेवलाय. "म्हंजे खरेदीखत हाय," मामा समाधानानं म्हणाले. गावाला पहिल्या जेम्सनं 1607 मध्ये सनद दिली, मेयर दिला. मेयर अजूनही आहे, गळ्यात साखळी घालतो. फक्त 1974 पासून रॉम्सीचा कचरा आणि बांधकामं टेस्ट व्हॅली बरोकडे गेली आणि त्या बरोची मुख्य कचेरी आहे दूर अँडोव्हरला. सनद रॉम्सीत, सही अँडोव्हरात, रस्ता विंचेस्टरच्या काउंटी कौन्सिलचा. मामा म्हणाले, गाव, पंचायत समिती, जिल्हा परिषद. नाटक तेच, कपडे बरे आहेत.

मग त्यांना आमच्या पॅरिश कौन्सिलची सभा बघायची लहर आली. सभेची नोटीस व्हिलेज हॉलच्या भिंतीवर, काचेच्या कुलूपबंद पेटीत. कायद्यानं ती पूर्ण तीन दिवस आधी लावावी लागते, आणि त्या तीन दिवसांत रविवारही धरत नाहीत. मामांनी पेटीला नाक लावून विषय वाचले. एका ओक झाडाच्या फांद्या छाटण्याचा अर्ज. कुत्र्यांच्या विष्ठेचा डबा दहा पावलं सरकवणे. अलॉटमेंटच्या फाटकाचं कुलूप. दफनभूमीतलं गवत.

"आणि आयत्या येळचं विषय?" त्यांनी विचारलं.

नाहीत, म्हटलं. अजेंड्यावर जे नाही त्यावर इथे निर्णयच घेता येत नाही, कायदाच तसा आहे. मामा पेटीसमोर स्तब्ध उभे राहिले. चौतीस वर्षांच्या नोकरीत गावातलं प्रत्येक महत्त्वाचं काम त्यांनी 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय' याखाली उरकलेलं होतं. पाण्याची टाकी त्यात आली होती, सभागृह त्यात आलं होतं, एका सदस्याच्या मेहुण्याचं गटाराचं कंत्राटसुद्धा.

सभेला हॉलमध्ये सदस्य सात, क्लार्क एक आणि जनता म्हणून आम्ही. कोरम भरला होता. इथे एक तृतीयांश सदस्य पुरतात, मात्र तीनपेक्षा कमी चालत नाहीत. मामांनी मला हळूच आपला कोरम समजावला. ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, यातलं जे कमी ते. भरला नाही की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. "त्यामुळं खरी सभा नेहमी तहकूबच असती. पयली नुसती रीत."

जनतेला बोलायला तीन मिनिटं असतात. मामांच्या वतीनं मी कोपऱ्यावरच्या खड्ड्याबद्दल विचारलं. अध्यक्षबाईंनी आभार मानले, प्रश्न फार महत्त्वाचा असल्याचं सांगितलं आणि रस्ते हा विषय या कौन्सिलच्या अखत्यारीत येत नसल्याबद्दल मनापासून खेद व्यक्त केला. क्लार्कनं तो खेद लिहून घेतला. मग ओकच्या फांद्यांवर जी चर्चा झाली, ती मामा अजून आठवतात. कोणती फांदी, किती मीटर, पक्ष्यांची घरटी, शेजाऱ्यांची सावली. सूचक झाला, अनुमोदक झाला, हरकत नाही असा ठराव झाला. तो बरोकडे जाणार आणि बरोला जे करायचं ते बरो करणार.

सभेनंतर खड्ड्यापाशी जाऊन मामांनी खिशातली टेप काढली. इंग्लंडातल्या बऱ्याच कौन्सिलांकडे साधारण 40 मिलिमीटर खोल गेल्याशिवाय खड्ड्याची गणना खड्ड्यात होत नाही. हा भरला 35. मामांनी मान हलवली. "अजून सज्ञान झाला न्हाई."

त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते नोटिशीच्या पेटीतल्या दुसऱ्या कागदानं. पॅरिश कौन्सिलच्या रिकाम्या जागा. निवडणुकीला पुरेसे अर्जच आले नाहीत, तेव्हा उरलेल्या जागांवर कोणी इच्छुक असल्यास कळवावे, सदस्य मिळून घेऊन टाकतील. मानधन बहुतेक ठिकाणी शून्य. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबारच्या खोंडामळीत पदांचे चक्क लिलाव झाले म्हणून 2021 च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाला निवडणूक रद्द करावी लागली. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली होती. इथे खुर्ची फुकट आहे, वर चहाबरोबर बिस्किटं आहेत, तरी गिऱ्हाईक नाही. "खुर्चीत कायतरी खोट असणार," मामा म्हणाले.

वरच्या मजल्यावर मात्र खुर्चीला मागणी आहे, फक्त मतदानाला सवड नाही. निवडणूक पुढे ढकलण्याची कला ही आपली घरची, असा माझा भाबडा समज होता. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मतदानाला जानेवारी 2026 उजाडला. हॅम्पशायर काउंटीची मे 2025 ची निवडणूक वर्षभर पुढे गेली. जी कौन्सिल विसर्जितच करायची तिला माणसं कशाला निवडा? हॅम्पशायर आणि सोलेंटला मिळून एक नवा महापौर मिळणार होता, तो मे 2026 मध्ये. त्याचीही तारीख आता 2028 आहे. विलंब दोन्हीकडे आहे, पण इथे तो सल्लामसलत करून होतो.

घरी आल्यावर मामांनी गावाकडे फोन लावला. त्यांच्या जागी आलेला ग्रामसेवक पलीकडे होता. नव्या पोराला ते अजून अधूनमधून मार्गदर्शन करतात. मामांनी त्याला सगळं सांगितलं. तीन दिवस आधीची नोटीस, रविवार वगळून. आयत्या वेळचे विषय बंद. कोणी कोणाच्या अंगावर धावून गेलं नाही, माइक हिसकावला नाही, प्रोसिडिंग बुक फाडलं नाही. लिलाव नाही, पार्टी नाही, सगळे सदस्य वेळेवर.

पलीकडून बराच वेळ काही आवाज नव्हता. मग त्यानं विचारलं, "भाऊसाहेब, मग तिथं कामं कशी होतात?"

"तो विषय," मामा म्हणाले, "अजेंड्यावर नव्हता."