तिकडे गेल्यावर बघू!

(एका निर्मातेसाहेबांना अनावृत पत्र)

आदरणीय निर्मातेसाहेब,

सा. न. वि. वि.

काल आपण टेबलावर थाप मारून जाहीर केलंत, ‘डिसेंबरात लंडन. बारा दिवस, अठरा माणसं, तीन गाणी. बाकीचं तिकडे गेल्यावर बघू!’ बावीस वर्षं प्रॉडक्शन सांभाळतोय, पण इतकं आटोपशीर नियोजन पाहिलं नव्हतं. चार किरकोळ शंका आहेत, तेवढ्या मांडतो.

पहिली व्हिसाची. ‘सगळ्यांनी मावसभावाच्या लग्नाला चाललोय म्हणून सांगायचं’ ही आपली कथा सिनेमाच्या कथेपेक्षा घट्ट आहे. फक्त अठरा जणांचा मावसभाव एकच, आणि वऱ्हाडाच्या बॅगेत क्लॅपबोर्ड! खरं तर खोटं बोलायची गरजच नाही. सिनेमा आणि पैसा बाहेरचा, माणसं बाहेरच्या कंपनीची, तर ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर लोकेशन शूटिंगला रीतसर मुभा आहे. पण खरं बोललं की कागद जोडावे लागतात, हीच आपली अडचण.

दुसरी सामानाची. ‘कॅमेरा आपला, त्यांना कशाला यादी?’ साहेब, तिला एटीए कार्ने म्हणतात. आपल्याकडे फिक्की देते, मुदत एक वर्ष. एकेका लेन्सचा नंबर, वजन, किंमत लिहायची; जाताना-येताना दोन्हीकडच्या कस्टम्सचे शिक्के घ्यायचे. एक जरी राहिला, तरी माल तिकडेच विकला असं धरून ड्यूटी मागतात. मागच्या एका दौऱ्यात यादीत ८ च्या जागी ६ पडला होता. पन्नासची लेन्स फोममधून काढून, मोबाइलच्या उजेडात तिच्या कडेवरचा तो बारीक आकडा मी अधिकाऱ्याला दोन तास वाचून दाखवत होतो. आपण तेव्हा लाउंजमध्ये इडली खात होतात. स्वस्तात मिळाल्या म्हणून घेतलेल्या बॅटऱ्याही एकदा उलट्या करून बघा. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतूनच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा कोणी अडवत नाही, १६० च्या वर नेऊच देत नाहीत. म्हणून शहाण्या बॅटरीवर ९८ छापलेलं असतं. आपल्या बॅटरीवर १९० आहे.

तिसरी उन्हाची. नायिका संध्याकाळी सहाच्या सोनेरी उन्हात टेम्सकाठी धावते, असं आपण लिहून घेतलंय. डिसेंबरात लंडनचा सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. आपली शिफ्ट बारा तासांची, त्याची आठचीही नाही, आणि तो ओव्हरटाइम घेत नाही.

चौथी परवानगीची. ‘पोलिसाला चहा पाजू’ हा तोडगा फिल्मसिटीबाहेर चालला असेल. तिथे ट्राफल्गर चौकासाठी ग्रेटर लंडन अथॉरिटी, हाइड पार्कसाठी रॉयल पार्क्स आणि रस्त्यासाठी त्या त्या बरोची कौन्सिल. बरो ३२, सिटी ऑफ लंडन वेगळीच. वर विम्याचा कागद दाखवायचा. इतका चहा आपल्या स्पॉटदादालाही जमायचा नाही.

म्हणून मी आठवडाभर आधी रेकीला जाण्याचं एक तिकीट मागितलं होतं. आपण ते कापलंत. अठरांत लाइटमन दोन आणि आपले मेहुणे तीन, म्हटल्यावर जागा कुठून उरणार? वर विचारलंत, ‘दादासाहेब फाळके गेले होते का रेकीला?’ गेले होते, साहेब. १९१२ साली एकटेच लंडनला गेले, कॅमेऱ्याची चौकशी केली, जाणत्यांकडून कसब समजून घेतलं आणि दोनेक आठवडे राहून परतले. ‘राजा हरिश्चंद्र’ मग इथे दादरमध्ये उभा राहिला. बघायचं ते त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं, आणि बरोबर एकही मेहुणा नव्हता.

कळावे, लोभ आहेच, तिकिटाचंही बघावं.

आपला नम्र,
प्रॉडक्शन मॅनेजर

ता. क. मुहूर्ताचा नारळ घेतलाय. तो कार्नेत लिहिता येत नाही. त्या यादीतली वस्तू गेली तशीच परत यावी लागते, आणि नारळ फुटण्यासाठीच न्यायचा असतो. आपले पैसेही मी याच कारणाने यादीत धरलेले नाहीत.