बारसं आधी, बाळ मागाहून

बारशाला बाळ लागतं, पाळणा लागतो आणि आत्या लागते. आमच्या भाच्याच्या धंद्याच्या बारशाला एक सोडून चार आत्या होत्या, पाळणा म्हणून लक्ष्मीनगरातला भाड्याचा गाळा होता. बाळ तेवढं यायचं होतं.

भाचा पुण्याची नोकरी सोडून नागपूरला परतला आणि तीन मित्रांना घेऊन त्यानं ठरवलं, की छोट्या दुकानदारांना ऑनलाइन मार्केटिंग शिकवायचं. काय शिकवायचं, हे एका चहात ठरलं. गुगलवर दुकानाची नोंद कशी करायची, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर मालाची यादी कशी चढवायची, रील कशी काढायची. यातल्या पहिल्या दोन गोष्टी फुकट आहेत आणि तिसरी दुकानदाराची नववीतली मुलगी बापाला न विचारता करतेच आहे. तेव्हा फी घेण्याजोगं जे काही उरलं, ते नाव. त्या नावात त्यांचा अख्खा पावसाळा गेला.

‘डिजिटल’ तर यादीत होतंच. डिजिटल नाही तर ग्रोथ, ग्रोथ नाही तर स्केल. मागे हब, लॅब, निन्जा, गुरू. एवढ्याच शब्दांची उलटसुलट लग्नं लावून चौघांनी गाळ्याची भिंत पिवळ्या चिठ्ठ्यांनी भरून टाकली. ‘ग्रोथ गुरुकुल’ जवळजवळ पक्कं झालं होतं. पण एकानं शंका काढली, की गुरुकुलात फी घेत नाहीत, गुरुदक्षिणा घेतात आणि तीही शिकून झाल्यावर. नाव तिथंच बारगळलं.

‘‘अबे, पण शिकायला येणार कोण?’’ मी विचारलं.

‘‘मामा, तुम्ही ब्रँडिंग समजूनच नाही राहिले.’’

मग व्हिडिओ कॉलवर एक अंकशास्त्रीबाई आल्या. त्यांनी नावं ऐकली, चौघांच्या जन्मतारखा घेतल्या आणि ‘ग्रोथ’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जादा ‘ओ’ घालायला सांगितला. बाईंची फी ऑनलाइन गेली. धंद्यातली पहिली ग्रोथ झाली ती अशी, स्पेलिंगमध्ये आणि बाईंच्या खात्यात.

हा ‘ओ’ पडला तो सीताबर्डीवर, सीए साहेबांच्या टेबलावर. कंपनीच्या नावासाठी केंद्र सरकारच्या अर्जात एका वेळी दोन नावं सुचवता येतात, फी हजार रुपये. मंजूर झालेलं नाव वीस दिवस राखून ठेवतात. इथपर्यंत ठीक. पण कंपनी स्थापनेच्या २०१४ च्या नियमांतला आठवा नियम वाचला, की तो लिहिणारा बाबू या चौघा पोरांना लहानपणापासून ओळखत असावा, अशी खात्री पटते. एकवचनाचं अनेकवचन केलं, तरी नाव तेच धरतात. दोन शब्दांत जागा सोडली, टिंब दिलं, मागे डॉट कॉम लावलं, तरी तेच. गावाचं नाव जोडलं तरी तेच. आकडा घातला तरी तेच. मुद्दाम स्पेलिंग बिघडवलं, तरीही तेच. म्हणजे शास्त्रीबाईंचा तो भाग्याचा ‘ओ’ दिल्लीनं आधीच खोडून ठेवला होता.

ट्रेडमार्कची तऱ्हा निराळी. जे नाव धंद्याचं नुसतं वर्णन करतं, त्याला १९९९ चा कायदा सहसा दारात उभं करत नाही. नावातून काम कळलं तर नाव मिळायचं नाही, आणि काम कळलं नाही तर गिऱ्हाईक मिळायचं नाही. ही सगळी विद्या शिकवणारी केंद्र सरकारची राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे. पोरं स्कूटरवर दहा-पंधरा मिनिटांत पोचली असती. पण त्यांनी बेंगळुरूच्या कुणाचा तरी रेकॉर्डेड कोर्स विकत घेतला. चला, ऑनलाइन शिकवण्या विकल्या जातात, एवढा तरी पुरावा हाती आला.

पाटीचा प्रश्न त्या मानानं सोपा होता. दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या दुकानालाही राज्याच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनं मराठी पाटी सक्तीची झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मुंबईच्या कुरकुरणाऱ्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत देऊन वाद मिटवला. पोरांनी अखेर ठरलेलं ‘स्केलअप ग्रोथ हब’ ठसठशीत देवनागरीत रंगवून घेतलं. शेजारच्या इस्त्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवून ते एकेक अक्षर लावत वाचलं आणि अदबीनं विचारलं, ‘‘भाऊ, उंची वाढवून देता का? आमचा पोट्टा बुटका रायला ना.’’ याच दुरुस्तीनं दारूच्या दुकानाला थोर पुरुषाचं किंवा किल्ल्याचं नाव द्यायला बंदी घातली आहे. कोर्सला गुरूचं नाव द्यायला अजून मोकळीक आहे, ती कुणाच्या लक्षात येण्याआधी वापरून घ्यावी.

या सगळ्या उलाढालीत आपण कुठल्या गावात बसलोय, याचा मात्र पोरांना विसर पडला होता. हे गाव नावांच्या बाबतीत अगदी निर्धास्त. हल्दीराम हे बिकानेरच्या गंगाबिशन अग्रवालांचं घरातलं लाडाचं नाव. त्यांच्या वंशजांनी ते नागपुरात आणलं आणि संत्रा बर्फीच्या डब्यावर बसवून गावोगाव धाडलं. २०२५ मध्ये सिंगापूरच्या टेमासेकनं त्या नावाच्या धंद्यात हिस्सा घेतला. लाडाच्या नावात ग्रोथ नाही, स्केल नाही, हबही नाही. विको म्हणजे विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी; मूळच्या नागपूरच्या केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये मुंबईत कंपनी काढली, तेव्हा वडिलांचं नाव पुढे लावलं आणि आद्याक्षरं जोडून मोकळे झाले. राणा बंधूंना तर तेवढेही कष्ट पडले नाहीत. दोघांतल्या एकाचं नाव दिनशॉ, म्हणून आइस्क्रीमही दिनशॉ. आणि सावजी? आठवा नियम लावला तर निम्म्या शहराच्या भोजनालयांना टाळं लागेल. मागे आडनाव, पुढे मोहल्ला, मधे सावजी. तरी कुणी नागपूरकर चुकून भलत्या सावजीत जाऊन बसला, असं ऐकिवात नाही. कुठल्या रश्शानं डोळ्यांत पाणी येतं आणि कुठल्यानं नाकात, हे त्याला पाटीविना कळतं.

डॉलीचं काय, असं विचारताच चौघे सरसावले. सदरमधल्या जुन्या व्हीसीए स्टेडियमजवळचा चहावाला, रंगीत चष्मा, उंचावरून पडणारी दुधाची धार. फेब्रुवारी २०२४ मध्ये बिल गेट्स यांनी त्याच्या हातच्या चहाचा व्हिडिओ टाकला आणि समोरचा पाहुणा कोण, हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं डॉलीनं नंतर सरळ सांगून टाकलं. बाजारपेठेचा अभ्यास शून्य, लक्ष्यगटाची ओळख शून्य, नाव ‘डॉली की टपरी’. पुढे त्यानं फ्रँचायझी देण्याचीही जाहिरात केली. आमच्या पोरांनी डॉलीला काय बनवलं असेल? अभ्यासक्रमातला पहिला धडा. ज्यानं कुठलाच कोर्स केला नाही, त्याच्यावरच कोर्स सुरू होतो. दुसऱ्या धड्यात फनेल आहे. ते चहाच्या टपरीवर कशाला लागतं, ते मी विचारलं नाही.

शेवटी बाळ शोधायला पोरांना घराबाहेर पडणं भाग पडलं. इतवारीत किराणा ओळीत एक तिखट-मसाल्याचं जुनं दुकान आहे. भाच्यानं मला सोबत नेलं, कारण शेठ माझ्या ओळखीचे. दुकानाच्या पाटीवर त्यांच्या आजोबांचं नाव, बिलावर बायकोचं आणि गुगलवर कुण्या परोपकारी माणसानं परस्पर टाकलेलं ‘मिर्ची शॉप’. नकाशावरची खूण तर थेट नाग नदीत.

‘‘गाहक नाल्याकाठी जाऊन फोन करून राहिले ना, भाऊ,’’ शेठ म्हणाले. ‘‘मी म्हणतो, इकडे या, ते म्हणतात, आम्ही पोचलो.’’

भाचा हळदीच्या पोत्यावर टेकला. शेठच्या फोनवर त्यानं दुकानाची मालकी नोंदवायला घेतली, पाटीचा फोटो काढला, ती लाल खूण बोटानं नदीतून उचलली आणि बदल सुचवून ओळीत आणून ठेवली. मंजुरी गुगलकडून यायची होती, पण शेठचा चेहरा तेव्हाच फुलला. मिरचीच्या धुरळ्यानं भाचा सारखा शिंकत होता, आणि त्या शिंकांमध्ये त्यानं ना ब्रँडिंग म्हटलं, ना फनेल. मला पोरगा पहिल्यांदाच हुशार वाटला. तेवढ्यात एक बाई आली. तिच्या फोनवर शेठचा नंबर लागताना मी डोकावलो. दुकान तिथं ‘तिखटवाले इतवारी’ या नावानं नांदत होतं. साऱ्या शहराची खरी नामनोंदणी या फोनांतच चालते. तिथं हजार रुपये लागत नाहीत आणि वीस दिवसांची मुदतही नाही.

शेठनं फी विचारली. भाच्यानं आधी कार्ड पुढे केलं. शेठनं ते दूर धरलं, जवळ धरलं, जादा ‘ओ’पाशी अडखळले आणि गल्ल्याखाली सरकवून दिलं. मग फोन काढून त्यांनी स्वतःच नंबर टिपून घेतला. नाव लिहिलं : ‘गुगलवाला पोट्टा’.

शहीद चौकापर्यंत भाचा गप्प होता. तिथं सिग्नलला थांबलो, तसा त्यानं खिशातून फोन काढला, काहीतरी टाइप केलं आणि ओरडला, ‘‘मामा, डॉट इन खाली आहे!’’

तिथूनच त्यानं सीए साहेबांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘पोट्टा मिळून जाईल,’’ ते म्हणाले. ‘‘गुगल काढा. अन् हजार रुपये पुन्हा भरा.’’