आडव्या गाडीचं वेळापत्रक

भाच्याला जपानला जायचं होतं आणि आईवडिलांनाही न्यायचं होतं, कारण अर्धा खर्च तेच करणार होते. ताईने चेरीच्या फुलांचे व्हिडिओ बघायला घेतले. बुलेट ट्रेन किती वक्तशीर, यावर भावजींनी जेवताना भाषण दिलं. भाचा गप्प. हा पोरगा गप्प असला की समजावं, तारखा ठरल्यात.

ठरल्याच होत्या. फुकुशिमा प्रांतात निहोन्मात्सू शहराजवळच्या डोंगरात एबिसू सर्किट आहे. भाच्याला बघायची होती ती तिथली डी-वन ग्रां प्री या ड्रिफ्ट स्पर्धेची फेरी, आणि ती बहुतेकदा ऑगस्टात होते. चेरी फुलते एप्रिलात. ताईने मोबाइल पालथा ठेवला.

"शर्यत ना? मग पहिला कसा ठरतो?" भावजी.

"बाबा, यात पहिलं यायचंच नसतं. दोन गाड्या सोडतात. पुढची आडवी घसरत वळणं घेते, मागचीने तिला जवळजवळ चिकटून तसंच घसरायचं. कोन केवढा, रेषा कशी, वेग किती, त्यावर गुण. मग जागा बदलून पुन्हा."

"आणि टायर?"

"ते जळतात."

भावजी एसटीच्या डेपोत टायरचा हिशेब सांभाळून निवृत्त झालेत. झिजलेल्या टायरवर नवा थर चढवून तो पुन्हा रस्त्यावर आणायचा, यात त्यांची हयात गेली. लोक तिकीट काढून टायर जळताना बघतात, हे ऐकून ते उठून गॅलरीतच गेले.

भाच्याने मग इतिहास काढला. केइची त्सुचिया नावाचा पठ्ठ्या डोंगरी रस्त्यांवर गाडी घसरवायला शिकला, 'ड्रिफ्ट किंग' म्हणून गाजला आणि डी-वन उभी करणाऱ्यांतही तोच पुढे होता. 2001 पासून तिची रीतसर मालिका आहे. शिवाय 'इनिशियल डी' हे कॉमिक: त्यातला पोरगा पहाटे घाटातून टोफू पोचवतो आणि बाप गाडीत पाण्याचा पेला ठेवतो, थेंब सांडता कामा नये म्हणून. भावजी आत आले. "बाप शहाणा आहे," म्हणाले.

सर्किटच्या शेजारीच सफारी पार्क आहे, ही माहिती त्याने ताईसाठी राखून ठेवलेली होती. इकडे सिंह, तिकडे निस्सान सिल्व्हिया गाड्या. शिवाय त्याच भागात दाके ओनसेन, गरम पाण्याचे झरे! ताईचा चेहरा वज्रेश्वरीला निघाल्यासारखा खुलला, आणि तिथे चारचौघींत अंगावर चिंधीही न ठेवता उतरायचं असतं हे कळेपर्यंत खुललेलाच राहिला.

उरला व्हिसा. जपानच्या अर्जासोबत रोजचा कार्यक्रम द्यावा लागतो: कुठे जाणार, कुठे राहणार. भाच्याने कच्च्या कागदावर लागोपाठ दोन दिवस 'ड्रिफ्ट पाहणे' लिहिलं. ताईने ते खोडून 'मंदिर' केलं. त्याने मंदिर खोडलं. शेवटी भावजींनी कागद ओढला, चष्मा लावला आणि डेपोच्या वळणदार अक्षरात लिहिलं: तोक्यो ते कोरियामा शिंकान्सेन, तिथून साध्या गाडीने निहोन्मात्सू, पुढे टॅक्सी. प्रयोजनाच्या रकान्यात पेन जरा थबकलं.

'टायरची पाहणी (जळण्यापूर्वी).'