कॉलिनवुडच्या वारसाची कैफियत

॥ श्री ॥

बॉस्टननजीक, मॅसॅच्युसेट्स

तीर्थस्वरूप दादांच्या सेवेशी कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र पावले. इकडील सर्व मंडळी खुशाल आहेत. बर्फ गुडघाभर साचले असून ते उपसण्याचे काम चिरंजीवाकडे आणि ते कसे उपसावे हे खिडकीतून सांगण्याचे काम मजकडे आहे. अशा दिवसांत घरात कोंडून पडलेल्या सेवानिवृत्त माणसाने संध्याकाळ कशी घालवावी, हा प्रश्न सूनबाईने परस्पर निकालात काढला. तिने ‘डार्क शॅडोज’ नावाची एक जुनी अमेरिकन मालिका हुडकून काढली, आणि “बाबा, यात वाडा आहे, खानदान आहे, भुते आहेत आणि तुमच्या आवडीची भाऊबंदकीही आहे,” असे सांगून मला खुर्चीत बसविले. भाऊबंदकी मला आवडते हा तिचा ग्रह माझ्या मामलेदार कचेरीतील नोकरीमुळे झालेला आहे, आणि तो खोडून काढण्यासारखे सबळ कारण मला अद्याप सापडलेले नाही.

ही मालिका येथील एबीसी वाहिनीवर २७ जून १९६६ रोजी सुरू झाली व २ एप्रिल १९७१ रोजी बंद पडली. त्या अवधीत, आठवड्याचे पाच दिवस, भर दुपारी तिचे १,२२५ भाग झाले. मुंबईला दूरदर्शनचे केंद्र निघाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे तिचा कारभार आटोपल्यानंतर. त्यामुळे ही भुते पाहण्याचा योग आम्हांस इतक्या उशिरा आला, यात आमच्याकडे कोणतीही कसूर नाही.

हकीकत अशी. मेन नावाच्या राज्यात समुद्रकाठी कॉलिन्सपोर्ट नावाचे एक कल्पित गाव आहे. मासेमारीच्या बोटी आणि मासळी डब्यांत भरण्याचा कारखाना हे त्या गावचे उत्पन्न (हे ऐकताच सौ.ने विणकाम बाजूला ठेवून बांगडे मिळतात का असे विचारले), आणि त्या उत्पन्नाचे धनी जे कॉलिन्स घराणे, ते टेकडीवरील कॉलिनवुड नामक प्रचंड वाड्यात राहते. न्यूयॉर्कच्या अनाथालयात वाढलेली, आईबापांचा ठावठिकाणा नसलेली व्हिक्टोरिया विंटर्स ही तरुणी घरातील एका द्वाड मुलाला शिकविण्यासाठी रात्रीच्या आगगाडीने तेथे येते. ही आगगाडीतील मुलगी निर्माते डॅन कर्टिस यांना प्रथम स्वप्नात दिसली व त्या स्वप्नावरच सारी इमारत उभी राहिली. वाड्याची मालकीण एलिझाबेथ हिने अठरा वर्षे आवाराबाहेर पाऊल टाकलेले नाही, कारण आपण नवऱ्याचा खून केला आणि तो तळघराच्या फरशीखाली पेटीत पुरलेला आहे, अशी तिची समजूत. आणि या समजुतीवर जेसन मॅग्वायर नावाचा एक इसम तिच्याकडून राजरोस पैसा उकळीत असतो. अखेरीस फरशी उकरून पेटी उघडतात, तो आत नवरा नाही! आपल्याकडे पोलीस पाटलाने दोन पंच बोलावून तेव्हाच पंचनामा केला असता, तर बाईची अठरा वर्षे वाचली असती. पण मग मालिकेचे पहिले वर्ष कशावर चालले असते, हाही विचार करावयास हवा.

आरंभी भुतांचा नुसता वहीम असतो. प्रेक्षक पाठ फिरवू लागले व मालिका गुंडाळण्याची वेळ आली, तेव्हा कर्टिस यांनी भुतांना उघडपणे कामावर घेतले, आणि एप्रिल १९६७ मध्ये तो प्रकार घडला ज्यामुळे आमच्या घरात रात्रीचे जेवण आता अर्धा तास अलीकडे आले आहे. कॉलिन्सांचे दागिने स्मशानात पुरलेले आहेत असे ऐकून विली लूमिस नावाचा एक उचल्या त्यांच्या समाधिगृहात शिरतो, साखळदंडांनी जखडलेली एक शवपेटी फोडतो, आणि आतून एक हात येऊन त्याची मानगूट धरतो. लवकरच त्या हाताचा मालक बार्नाबस कॉलिन्स, अंगात जुन्या चालीचा लांब कोट, हातात लांडग्याच्या तोंडाची चांदीची मूठ असलेली काठी व बोटात काळ्या खड्याची अंगठी, अशा थाटात वाड्याच्या दरवाजात उभा राहतो आणि अत्यंत विनयाने सांगतो की, मी तुमचा इंग्लंडमधला चुलतभाऊ.

आता पाहा. वंशावळ नाही, जन्माचा दाखला नाही, ओळख पटविणारा साक्षीदार नाही. पुरावा काय, तर दिवाणखान्यातील दीडशे वर्षांपूर्वीच्या तसबिरीशी चेहरा जुळतो! एवढ्यावर एलिझाबेथबाई त्याला आवारातील जुना वाडा राहावयास देऊन टाकतात. भाडेपट्टा नाही, कबुलायत नाही, मुदत नाही. हा पाहुणा सूर्य मावळल्याखेरीज कोणास भेटत नाही आणि दिवसा धंद्याच्या कामासाठी बाहेरगावी असतो, हे उत्तरही सारे घर निमूटपणे मान्य करते. कोणत्या धंद्यासाठी, हे विचारणारा एक कारकून जर त्या गावात असता, तर पुढील चार वर्षांचा अनर्थ टळला असता, असे मी मोठ्याने म्हणालो. त्यावर नातवाने मला गप्प राहण्याची ताकीद दिली.

परंतु खरी मौज पुढेच आहे. इतकी लबाडी करून घुसलेला हा मनुष्य तपासाअंती अस्सल वारस ठरतो, किंबहुना आज नांदत असलेल्या सर्व हक्कदारांहून त्याचा हक्क अव्वल आहे. तसबिरीतला तो तोच. त्याची एकच अडचण म्हणजे तो मयत आहे. त्याचा बाप जोशुआ याने घराण्याची अब्रू राखण्यासाठी त्याला पेटीत बंद केले आणि मुलगा इंग्लंडास गेला अशी बतावणी लोकांत केली, म्हणजे दप्तरी मृत्यूची नोंद नाही. ज्या इसमाच्या मृत्यूची नोंद नाही, त्याची वहिवाट कोणत्या कलमाखाली काढून घेणार? मला भीती वाटण्याऐवजी त्या पिशाचाचा अर्ज लिहून देण्याची तीव्र इच्छा झाली, हे तुम्हांस म्हणून कळवितो.

त्याला आपल्याकडील कोणत्या वर्गात दाखल करावे, यावर सौ.चा आणि माझा वाद चालू आहे. तिच्या मते तो समंध, कारण वास्तूत व एका मृत स्त्रीत जीव गुंतून राहिला आहे. जोसेट नावाच्या वाग्दत्त वधूचा वियोग त्याला इतका असह्य की गावातील उपाहारगृहात काम करणाऱ्या मॅगी नावाच्या गरीब मुलीला पळवून तो तिलाच जोसेट बनवू पाहतो. माझे म्हणणे एवढेच की पुढे हाच बार्नाबस घराण्यावर येणाऱ्या अरिष्टांशी झुंज घेतो, तेव्हा कालांतराने त्याला देवचाराची बढती देण्यास हरकत नसावी. सौ. म्हणते, देवचार गावाची राखण करतो आणि वर्षाकाठी एका रोटावर समाधान मानतो, माणसांचे रक्त पीत नाही. या मुद्द्यावर मला अजून उत्तर सुचलेले नाही. मध्यंतरी ज्युलिया हॉफमन नावाची एक डॉक्टरीण त्याला इंजेक्शने टोचून माणसात आणू पाहते आणि त्या भरात स्वतःच त्याच्यावर मन जडवून बसते. ती हजर असली की प्रसंग रंगतोच.

बार्नाबसची भूमिका करणारे जोनाथन फ्रिड हे कॅनडातील हॅमिल्टनचे, रंगभूमीवर मुरलेले गृहस्थ. त्यांना थोड्या आठवड्यांपुरते आणून, छातीत खुंटी ठोकून मोकळे करावे असा बेत होता. पण शाळा सुटताच देशभरातील पोरे या पिशाचासाठी धावत घरी येऊ लागली आणि खुंटी बासनात गुंडाळावी लागली.

आता या मालिकेचा जो गुण मला सर्वांत प्रिय झाला, त्याकडे वळतो. रोज एक भाग या हिशेबाने काम उरकावयाचे असल्याने न्यूयॉर्कच्या स्टुडिओत अर्ध्या तासाचा प्रवेश बहुधा सलगच मुद्रित करीत. थांबून दुरुस्ती करणे खर्चाचे पडे, म्हणून जे घडले ते घडले. परिणामी आवाज टिपणारा माईक छतावरून डोकावून जातो, थडग्याचा दगड धक्का लागताच डोलतो, पडद्यामागचा एखादा सेवक प्रवेशाच्या मधोमध दिसून पसार होतो, आणि माशी तर कोणाच्या नाकावर बसावे याचा मुलाहिजाच ठेवत नाही. फ्रिडसाहेब वाक्य विसरत. मग त्यांची दृष्टी प्रेक्षकांआड धरलेल्या लेखी संवादाकडे हळूच सरकते, आणि दीड शतकाच्या विरहाचे जे आर्त त्यांच्या डोळ्यांत दाटून येते, ते निम्मे पाठांतराचे आहे हे कळूनही आपले मन हेलावते. नातू अशा वेळी खदखदून हसतो. मला मात्र आपल्या जत्रेतील दशावतार आठवतो. तेथेही लिखित संहिता नाही, पहाटेपर्यंत संवाद जागच्या जागी रचावयाचे, राजाचा मुकुट कलला तरी राजेपण कलत नाही, आणि पेट्रोमॅक्सवर झेपावणाऱ्या किड्यांना तोंड देत द्रौपदी आपला आक्रोश पुरा करते. दशावताराची रात्र ज्याने जागविली आहे, त्याला कॉलिनवुडची डोलणारी थडगी कमीपणाची वाटणार नाहीत. तीस-चाळीसच्या दशकांत चित्रपट गाजविलेल्या जोन बेनेट एलिझाबेथच्या भूमिकेत त्या डोलणाऱ्या भिंतींपुढे अशा ताठ मानेने उभ्या राहतात की भिंतीनेच वरमावे.

नोव्हेंबर १९६७ मध्ये प्रकरणाने निराळेच वळण घेतले. वाड्यातील मंडळी मेजाभोवती हाताला हात लावून मृतात्म्यास पाचारण करतात (आपण रवळनाथाला कौल लावतो तो याहून पुष्कळ सुरक्षित मार्ग), दिवे जातात, आणि व्हिक्टोरियाच्या खुर्चीवर भलतीच स्त्री बसलेली आढळते. स्वतः व्हिक्टोरिया १७९५ सालात जाऊन पडते. साल ऐकताच मी ताठ बसलो. खर्ड्याची लढाई जिंकून पुणे दरबार कृतार्थ झाला आणि त्याच सालच्या ऑक्टोबरात सवाई माधवरावांचा शनिवारवाड्यात अंत झाला, ते १७९५! इकडे त्याच साली मार्टिनिक बेटाहून आलेली अँजेलिक नावाची दासी बार्नाबसने अव्हेरल्यावरून त्याला शाप देते, वटवाघूळ चावते, आणि पुढच्या सर्व रामायणाचे मूळ हाती लागते. नटसंच तोच, कालपर्यंतची मालकीण आज बार्नाबसची आई होते. दशावतारात याची सवय असल्यामुळे घरात एकट्या मलाच घोटाळा झाला नाही.

मात्र याच भागांबद्दल माझी एक लेखी तक्रार आहे. व्हिक्टोरियावर चेटकीण म्हणून खटला चालतो, आणि तिच्यापाशी सापडलेले कॉलिन्स घराण्याच्या इतिहासाचे पुस्तक, जे अद्याप छापले जावयाचे आहे, ते तिच्याच विरुद्ध पुरावा म्हणून दाखल होते. पुराव्याच्या दृष्टीने हा भाग उत्तम. पण आमच्या येथून जवळच सेलम आहे. तेथील चेटकिणींचे खटले १६९२-९३ चे, त्यांत एकोणीस जणांना फाशी झाली, एका म्हाताऱ्याला दगडांखाली चेंगरून मारले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत त्या न्यायाची लाज न्यायाधीशांनाच वाटू लागली. शंभर वर्षांनंतर असा खटला चालविणे म्हणजे रद्द झालेल्या कायद्याखाली समन्स काढण्यापैकी आहे. चिरंजीव म्हणाला, बाबा, भुते तुम्हांला चालतात आणि एवढे चालत नाही? चालत नाही. भुतांना मुदतीचा कायदा लागू नाही, न्यायालयाला आहे.

बर्फ वितळले की न्यूपोर्टला नेण्याचे चिरंजीवाने कबूल केले आहे. कॉलिनवुड म्हणून बाहेरून दाखवितात तो वाडा ऱ्होड आयलंडातील त्या गावी प्रत्यक्ष उभा आहे. तुम्ही तिकडे आकेरीचा ‘रात्रीस खेळ चाले’वाला वाडा दाखवावयास नेलेत तेव्हा मी बाहेरूनच नमस्कार केला होता, येथेही तसेच करीन.

शेवट काय होतो हे नातीने आगाऊच वाचून सांगितले, तेव्हा मला क्षणभर उद्वेग आला. लांडगा होणारे क्वेंटिनसाहेब येतात, समांतर काळ येतो, एका भागाची फीत हरवल्यामुळे तो ध्वनिमुद्रणावरून जुळवून दाखवावा लागतो, हे सर्व मी सहन करीन. पण पहिल्या रात्री आगगाडीतून आपल्या आईबापांचा शोध घेत आलेल्या त्या पोरीचे आईबाप कोण, याचा निकाल १,२२५ भागांत लागतच नाही! भूमिका करणारी अभिनेत्री १९६८ मध्ये बाळंतपणानिमित्त मालिका सोडून गेली आणि प्रकरण तसेच निकालाविना दप्तरात पडले. माझ्या नोकरीत मी पुष्कळ दिरंगाई पाहिली, पण तीत निदान पुढची तारीख तरी पडत असे.

एवढे असूनही माझा अभिप्राय अनुकूल आहे. या वाड्यात आपल्या पूर्वजांची मनापासून आठवण असलेला मनुष्य एकच आणि तो मेलेला. बाकीच्यांना तसबिरीखालची नावेही धड ठाऊक नाहीत. तेव्हा दादा, आपल्या सातबारावर काकांच्या वारसांची नोंद अद्याप चढलेली नाही, ती तलाठ्याकडे अर्ज देऊन या महिन्यातच करून घ्यावी. आणि दिवेलागणीनंतर कोणी अपरिचित चुलतभाऊ अंगणात उभा राहिल्यास प्रथम कागद मागावेत, चहा मागाहून विचारावा.

वहिनीस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. कृपा असावी.

आपला आज्ञांकित,
धाकटा बंधू